वाळवलेले टोमॅटो बरणीत पुन्हा पुन्हा सादळतात, बुरशी धरतात: दोष कुठे शोधायचा

फोडी वाळलेल्या दिसतात. कडा आत वळलेल्या, रंग गडद लाल, बोटाला रस लागत नाही. म्हणून त्या बरणीत जातात. काही आठवड्यांनी झाकण उघडावं तर फोडींचा गोळा झालेला, वास आंबूस, आणि एखाद्या फोडीच्या पोटात राखाडी-हिरवी बुरशी. पुढच्या खेपेला बरणी बदलली जाते, झाकणाचं रबर नवीन घातलं जातं, कोणी जास्त मीठ लावतं. तरीही तेच होतं.

या तक्रारीत बरणीचा दोष क्वचितच असतो. पाणी फोडींच्या पोटातूनच बरणीत गेलेलं असतं. म्हणून शोध वाळवणीच्या शेवटच्या काही तासांपासून आणि बरणीतल्या पहिल्या आठवड्यापासून सुरू करावा लागतो. झाकण सगळ्यात शेवटी तपासायचं.

आधी वजन करा

डोळा आणि बोट दोन्ही फसतात. गरम फोड असते त्यापेक्षा मऊ लागते, आणि पृष्ठभागावर मीठ असलेली फोड असते त्यापेक्षा कोरडी वाटते. वजनाचा काटा सहसा फसवत नाही.

ताज्या टोमॅटोत सुमारे ९४ ते ९५ टक्के पाणी असतं. म्हणजे १ किलो फोडींमधून सगळं पाणी काढलं तर मागे ५० ते ६० ग्रॅम ऐवज उरतो. त्यात साखर, आम्लं, तंतू, क्षार, सगळं आलं. हा ऐवज ५५ ग्रॅम धरून हिशेब करू. वाळून वजन १०० ग्रॅमवर आलं, तर त्यात अजून ४५ टक्के पाणी आहे. ८० ग्रॅमवर आलं, तर ३१ टक्के. ६५ ग्रॅमवर आलं, तेव्हा कुठे १५ टक्के. बाहेर फडताळात महिनोन्महिने टिकायचे टोमॅटो या शेवटच्या आकड्याजवळ यावे लागतात.

गोम इथेच आहे. १०० ग्रॅमवर आलेल्या फोडींचं नऊ-दशांश वजन गेलेलं असतं, त्यामुळे त्या पुरेशा वाळल्या असं कोणालाही वाटतं. प्रत्यक्षात उरलेल्यातलं जवळजवळ निम्मं पाणीच असतं. बिया आणि पातळ रस काढून टाकत असाल तर तो काढल्यानंतरचं वजन धरा. मीठ लावलं असेल तर त्याचं वजन अंदाजाने वजा करा. गरदार, लांबट जातींमध्ये ऐवज थोडा जास्त निघतो, म्हणून ६५ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. पण किलोमागे ८० ग्रॅमच्या वर असाल तर अजून वाळवायला हवं, असं खुशाल धरा.

किती पाणी आहे याच्याइतकंच ते किती मोकळं आहे हेही महत्त्वाचं. अन्नशास्त्रात याला पाण्याची क्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्यासाठी ती १ असते. ०.८५ च्या खाली रोग पसरवणारे जिवाणू वाढू शकत नाहीत. बुरशी त्यांच्यापेक्षा चिवट, तिच्या काही जाती ०.७० च्या आसपासही तग धरतात. ०.६० च्या खाली मात्र कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. अर्धवट वाळलेल्या बरणीत सगळ्यात आधी बुरशीच का दिसते, याचं उत्तर या आकड्यांत आहे. मीठ आणि साखर पाण्याला बांधून ठेवतात, त्यामुळे खारवलेल्या फोडी किंचित जास्त ओल्या राहूनही टिकतात. तो फायदा मर्यादितच आहे. मीठ वाढवून वाळवणीचा कमीपणा भरून निघत नाही, फक्त फोडी खाण्याजोग्या राहत नाहीत.

मऊ, रसाळ, अर्धवट वाळवलेले टोमॅटो आवडत असतील तर तसेच करा, त्यात काहीच चूक नाही. पण ते फ्रीजमध्ये किंवा फ्रीझरमध्येच ठेवायचे. बाहेरच्या बरणीसाठी ते नाहीत.

वरून कोरडे, आतून ओले

वजन बरोबर येत नाही आणि फोड तर वरून टणक झाली आहे, अशी अडचण बऱ्याच जणांना येते. लवकर उरकावं म्हणून सुरुवातीलाच उष्णता वाढवली की पृष्ठभागाचं पाणी झपाट्याने उडतं, वर कडक साल तयार होते आणि आतलं पाणी कोंडतं. मग कितीही वेळ ठेवा, ते बाहेर यायला मार्ग नसतो. बरणीत गेल्यावर मात्र ते हळूहळू त्या सालीत मुरतं आणि फोड मऊ पडते. लोक म्हणतात, टोमॅटो सादळले. खरं तर ते स्वतःच्याच पाण्याने ओले झालेले असतात.

वाळवणी यंत्रात ५७ ते ६० अंश सेल्सिअस पुरेसं आहे. ओव्हन वापरत असाल तर दार बोटभर उघडं ठेवा, कारण वाफ बाहेर गेली नाही तर टोमॅटो वाळण्याऐवजी शिजतात. फोडी सारख्या जाडीच्या कापा. एकाच ताटात पातळ चकत्या आणि जाड अर्ध्या फोडी असतील तर पातळ जळेपर्यंत जाड ओल्याच राहतात. कापलेली बाजू सुरुवातीला वर असू द्या, वरचा रस आटला की उलटा, आणि जाड फोडी मधोमध दाबून थोड्या चपट्या करा. साल मेणचट असते, तिच्यातून पाणी फारसं निघत नाही. ते कापलेल्या बाजूनेच निघतं, म्हणून ती बाजू जितकी जास्त उघडी तितकं काम लवकर होतं.

उन्हात वाळवताना ऊन कडक आहे की नाही एवढंच पाहिलं जातं. हवेतला दमटपणा त्याहून मोठा खेळ करतो. तापमान निदान ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, असे सलग काही दिवस मिळाले पाहिजेत. रात्री ताटं आत घ्यावीच लागतात. दव पडलं की दिवसभराची कमाई जाते आणि बुरशीला आयती संधी मिळते. जाळीच्या चौकटीवर, खालून वारा खेळेल अशा तऱ्हेने फोडी ठेवल्या तर बंद ताटापेक्षा बराच फरक पडतो. हवामान साथ देत नसेल तर अर्धं काम उन्हात आणि शेवट ओव्हनमध्ये केला तरी चालतो. मी तर म्हणेन, शंका असेल तेव्हा शेवट नेहमी ओव्हनमध्येच करावा.

वाळलं की नाही हे फोड पूर्ण थंड झाल्यावर पाहा. मधून फाडा आणि फाटलेल्या जागी दाबा. ओलावा चमकला किंवा थेंब दिसला तर अजून वेळ आहे. चांगली फोड चामड्यासारखी लवते, हाताला चिकटत नाही आणि वळवली तर कडेला मोडू पाहते.

पहिला आठवडा

सगळ्या फोडी एकाच वेळी सारख्या वाळत नाहीत. काही कुरकुरीत होतात, काहींच्या पोटात ओल राहते. बरणी लगेच गच्च भरून बाजूला ठेवली की ओल्या फोडीच्या आसपास बुरशीचं बस्तान बसतं. यावरचा उपाय सोपा आहे, आणि नेमका तोच वगळला जातो.

फोडी थंड झाल्या की काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरा, सैलसर. झाकण लावा आणि ७ ते १० दिवस रोज एकदा बरणी हलवा. या दिवसांत ओल्या फोडींचं पाणी कोरड्या फोडींमध्ये जातं आणि सगळ्या एकसारख्या होतात. रोज हलवताना काचेच्या आतल्या बाजूकडे नीट पाहा. धुकं किंवा थेंब दिसले तर त्याच दिवशी सगळ्या फोडी पुन्हा वाळवायला काढा. या वेळेपर्यंत काहीही बिघडलेलं नसतं, तुम्हाला आधी सूचना मिळालेली असते. थेंब नाहीत पण फोडी एकमेकींना चिकटतात, हलवूनही सुटत नाहीत, तरी तेच करा. काचेची बरणी म्हणूनच आग्रहाने सांगतो, डब्यात हे दिसत नाही.

गरम फोडी भरल्या तर सुरुवातीलाच वाफ झाकणाला धरते आणि ते पाणी परत फोडींवर पडतं. उलट, थंड व्हायला म्हणून रात्रभर उघड्या ठेवल्या तर त्या हवेतली ओल ओढून घेतात. तासा-दोन तासांत भरून टाकणं बरं.

महिनाभर छान, मग अचानक सादळले

इथे मात्र पाणी खरोखर बाहेरून आलेलं असतं. टोमॅटोतली साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, दोन्ही हवेतली ओल ओढणाऱ्या. त्यात खारवलेल्या फोडी असतील तर हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होऊ लागतं. मोठी बरणी रोज उघडली जाते, प्रत्येक वेळी दमट हवा आत जाते. सहा लहान बरण्या भरा आणि एका वेळी एकच वापरात घ्या. ओला चमचा, ओले हात, गॅसजवळचं फडताळ, तिन्ही टाळा. बुरशी नसेल, फक्त मऊपणा असेल आणि वास स्वच्छ असेल, तर मंद ओव्हनमध्ये पुन्हा वाळवून हा माल वाचवता येतो.

फ्रीझरमधून काढलेली बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. थंड फोडींवर हवेतलं पाणी लगेच जमतं.

पांढरं काय आहे?

फोडीवरचा पांढरा थर पाहून अनेक जण चांगला माल फेकतात, आणि काही जण बुरशी पुसून खातात. मीठ किंवा साखर असेल तर थर चकचकीत, दाणेदार, सपाट असतो. फोड कोमट पाण्यात टाकली की तो विरघळून जातो. बुरशी लोकरीसारखी उभी राहते, बहुधा घडीत किंवा बियांच्या खाचेत असते, तिला हिरवी-काळी झाक येते आणि वास कुबट असतो. एका फोडीवर जरी खात्रीची बुरशी दिसली तरी अख्खी बरणी टाकायची. बुरशीचे धागे आणि तिची विषं डोळ्यांना दिसतात तेवढ्या जागेपुरती नसतात, आणि ती विषं तळून-उकळून हमखास जातील असं नाही.

अळ्या किंवा बारीक जाळं दिसलं तर अंडी बहुधा उन्हात वाळताना पडलेली असतात. तो माल टाका. पुढच्या वेळी उन्हात वाळवलेल्या फोडी बरणीत भरण्याआधी फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर निदान ४८ तास ठेवा, किंवा ओव्हनमध्ये ७१ अंशांवर ३० मिनिटं. जाळी कितीही बारीक लावली तरी ही पायरी सोडू नका.

फोडी काळपट पडणं ही वेगळी गोष्ट. साखर आणि अमिनो आम्लं यांच्यात हळूहळू प्रक्रिया होते, उष्णतेने ती वेग घेते, आणि उजेडाने लाल रंग उडतो. हा बिघाड नाही, जुनेपणा आहे. थंड आणि अंधाऱ्या जागी तो लांबतो. २७ अंशांच्या खोलीत ठेवलेला माल १६ अंशांच्या तुलनेत जेमतेम निम्मा काळ चांगला राहतो. विकतचे टोमॅटो कधी कधी वर्षभर लालभडक राहतात ते सल्फाइट या रंग टिकवणाऱ्या रसायनामुळे. दमा असणाऱ्या काहींना सल्फाइटचा त्रास होतो, त्यांनी वेष्टनावर ते पाहूनच घ्यावेत.

तेलातले टोमॅटो

या ठिकाणी मला थोडं कठोर बोलावं लागेल. बरणीत ओल राहते आहे हे लक्षात आल्यावर ‘मग तेलात बुडवून ठेवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोकादायक आहे. तेल हवा अडवतं म्हणून बुरशी दिसत नाही. पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला हवा नसलेलीच जागा लागते. ओल असेल, आम्लता कमी असेल आणि बरणी बाहेर असेल, तर तो तिथे विष तयार करू शकतो. त्याला ना रंग, ना वास. चाखून तपासणं तर अजिबात नको. या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचं सुप्त आणि चिवट रूप, घरच्या साध्या उकळण्याने मरत नाहीत.

टोमॅटो आंबट असतो म्हणून सुरक्षित, हा समजही पूर्ण खरा नाही. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. या जिवाणूला रोखायला पीएच ४.६ किंवा त्याहून कमी लागतो. टोमॅटोचा पीएच साधारण ४.३ ते ४.९ असतो, म्हणजे काही टोमॅटो रेषेच्या पलीकडे जातात. पूर्ण वाळलेल्या फोडींमध्ये जिवाणूला पुरेल इतकं पाणीच नसतं, त्यामुळे त्यांचा धोका कमी. खरा धोका अर्धवट वाळलेल्या फोडींचा, आणि त्यांच्याबरोबर हौसेने घातलेल्या ताज्या लसणाचा व ताज्या पानांचा. लसूण जमिनीत वाढतो, त्यावर हे बीजाणू असू शकतात, आणि त्यात आम्ल फारसं नसतं.

म्हणून तेलात घालायचेच असतील तर पूर्ण वाळलेले घ्या, ५ टक्के आम्लतेच्या व्हिनेगरमध्ये बुडवून निथळा, मग तेलात घाला. फोडी तेलाच्या पातळीखाली राहू द्या आणि बरणी पहिल्या दिवसापासून ४ अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवा. चवीसाठी वाळवलेला लसूण आणि वाळवलेली पानं वापरा. ताजा लसूण घातलाच असेल तर फ्रीजमध्ये ठेवूनही ४ दिवसांत संपवा. पाण्यात भिजवून मऊ केलेल्या फोडी तेलात साठवू नका, त्या त्याच वेळी वापरायच्या. विकतच्या बरण्या आम्लता मोजून आणि उष्णतेची प्रक्रिया करून भरलेल्या असतात, तरी उघडल्यावर त्यांचीही जागा फ्रीजमध्येच. तिथे ऑलिव्ह तेल गोठून पांढुरकं दिसेल. ते बाहेर काढल्यावर पूर्ववत होतं, त्याला घाबरू नका.

पोषणाचं काय उरतं

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आहार-तक्त्यांत वाळवलेल्या टोमॅटोच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २५८ कॅलरी, १४ ग्रॅम प्रथिनं, १२ ग्रॅम तंतू आणि ३,४०० मिलिग्रॅमहून थोडं जास्त पोटॅशियम दिलं आहे. आकडे डोळे दिपवतात, पण १०० ग्रॅम एका बैठकीत कोणी खात नाही. १० ग्रॅम म्हणजे साधारण पाच फोडी, त्यात २६ कॅलरी आणि ३४० मिलिग्रॅम पोटॅशियम येतं. खरा प्रश्न असा की वाळवताना काय गेलं. १ किलो ताज्या टोमॅटोत सुमारे १३७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. त्याच्या ६५ ग्रॅम वाळलेल्या फोडींमध्ये जेमतेम २५ उरतं. उष्णता, हवा आणि ऊन यांनी चार-पंचमांश नेलं. लायकोपीन हे लाल रंगद्रव्य मात्र बऱ्यापैकी टिकतं. ते तेलात विरघळतं, म्हणून थोड्या तेलाबरोबर खाल्लं तर शरीराला जास्त मिळतं.

मूत्रपिंडाच्या आजारामुळे पोटॅशियमवर बंधन असेल तर हे टोमॅटो डॉक्टरांना विचारूनच खावेत. हातात दिसतो तो लहानसा ऐवज, पण त्यामागे ताज्या टोमॅटोंची मोठी वाटी असते. रक्तदाब असणाऱ्यांनी खारवलेल्या फोडींच्या सोडियमकडे लक्ष द्यावं. मीठ न लावताही टोमॅटो वाळतात, फक्त उन्हाऐवजी यंत्र किंवा ओव्हन वापरावा लागतो, कारण मंद वाळवणीत जिवाणूंना रोखायचं काम मीठ करत असतं.

शिजवताना वातड, खारट, कडू

वातड लागत असतील तर भिजवणं कमी पडतंय. कढत पाण्यात २० ते ३० मिनिटं झाकून ठेवा, उकळत ठेवू नका. त्या पाण्यात मीठ घालू नका, खारट पाणी फोडीत सावकाश शिरतं. भिजवल्याचं पाणी टाकू नका. त्यात ग्लुटामेट उतरलेलं असतं, ज्यामुळे रश्श्याला भरीव चव येते. फार खारट असेल तरच फेका, आणि पदार्थात मीठ सगळ्यात शेवटी, चाखून घाला.

कडवट चव आली तर बहुतेक वेळा कारण कोरड्या फोडी गरम तेलात थेट टाकणं हे असतं. १०० ग्रॅममध्ये ३७ ग्रॅमच्या आसपास साखर असते, ती क्षणात करपते. आधी भिजवा, आच मंद ठेवा.

कडधान्याच्या भांड्यात या फोडी सुरुवातीलाच घातल्या तर दाणे शिजता शिजत नाहीत, आणि दोष कडधान्याला दिला जातो. आम्लामुळे दाण्यातलं पेक्टिन, म्हणजे पेशींना धरून ठेवणारा पदार्थ, सैल होत नाही. दाणा बोटाने चेपला जाऊ लागला की मगच फोडी घाला.

वाळवताना जास्तच कडक झालेल्या, कुरकुरीत फोडी वेगळ्या काढून त्यांची भुकटी करा. ती ओल फार लवकर ओढते आणि तिचा दगड होतो, म्हणून एका वेळी आठवड्याभराचीच दळा आणि बाकीच्या फोडी अख्ख्याच ठेवा.